पहिल्या हाकेची ओ

१

माणसांपेक्षा बिघाड बरे, ते खोटं बोलत नाहीत, असं खुशाल उमरे नेहमी म्हणायचा. त्यावर त्याची बायको म्हणायची, मग आपला नळ सहा महिने खरंच बोलतोय, त्याचंही ऐका जरा. पण खुशालला नळात रस नव्हता. हवाई दलात पंधरा वर्षं विमानातली यंत्रं दुरुस्त करून तो हैदराबादच्या एका लहानशा कंपनीत लागला होता. ही कंपनी एका चिमुकल्या विमानातून सरकारसाठी जंगलांचे फोटो काढायची.

१९८४ च्या डिसेंबरात ते विमान आदिलाबादला अडकून पडलं आणि खुशालला तार आली. आदिलाबाद त्याचाच जिल्हा, पण इतक्या वर्षांत तो इथं लग्नकार्यापुरताच आलेला. बसमधून उतरून, बाजाराकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांमधून वाट काढत त्याची रिक्षा गावाबाहेरच्या जुन्या विमानपट्टीवर पोचली. पट्टी नावाचीच होती. गवत माजलेलं, गुरं चरत होती आणि पश्चिमेच्या टोकाला पत्र्याची एक खोली होती. तिथं चौकीदार फकिरा आणि त्याची बायको तुळजाबाई राहायची.

वैमानिक कॅप्टन अमृतराव नांदेडकडचे. पगार कापून घेत असल्यासारखे मोजून बोलायचे. त्यांनी काय घडलं ते सांगितलं. विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकात, इंजिनाच्या लोखंडापासून होईल तितका दूर, तळहाताएवढा एक डबा असतो. पृथ्वीचं चुंबकत्व ओळखून तो वैमानिकासमोरच्या तबकडीतली सुई हलवतो. फोटोसाठी सरळ रेघेत उडायचं असलं की विमान त्या सुईच्या भरवशावर आपलं आपण चालतं आणि वैमानिक खाली पाहत बसतो. परवा अमृतराव इंद्रवेल्लीच्या जंगलावर असेच खाली पाहत बसले होते. हवा धुरकट होती. त्यांनी वर पाहिलं तेव्हा समोर डोंगर होता. विमान कसंबसं वळवून ते परतले तेव्हा दहा मिनिटांचं पेट्रोल शिल्लक होतं.

"उद्या दुपारी मला उडायचंय," ते म्हणाले. "तू रजिस्टरमध्ये सही केलीस तर उडेन, नाही केलीस तर नाही. माझा जीव तुझ्या सहीवर आहे, उमरे."

खुशालनं मान हलवली. असं काही कोणी बोललं की त्याला ओझं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटायचं.

२

पहिल्या तासाभरात त्याला एक चोर सापडला. पंखाच्या टोकाचं झाकण पितळी स्क्रूंनी बसवायचं असतं, पितळेला चुंबक लागत नाही म्हणून. कुण्या शहाण्यानं एक स्क्रू हरवला म्हणून तिथं लोखंडी स्क्रू पिळून दिला होता. डब्याच्या अगदी कानाशी लोखंड! खुशालनं तो काढून खिशात टाकला, पितळी बसवला आणि शीळ वाजवली.

तेवढ्यात तुळजाबाई चहा घेऊन आली. पंखाच्या पोटात डोकावून तिनं विचारलं, हे काय आहे. खुशाल म्हणाला, "होकायंत्र आहे, मावशी."

"हाकायंत्र?" ती म्हणाली. "म्हंजे हाका आयकते काय हे?"

खुशाल मनापासून हसला. हाका नव्हे, दिशा, असं त्यानं समजावलं. तिनं बरं म्हटलं, पण तिला काही ते पटलेलं दिसलं नाही.

आता विमान गोल फिरवून पाहायचं होतं. तीन पायांच्या तिकाटण्यावरच्या साध्या होकायंत्रानं दिशा साधून खुशालनं जमिनीवर चुन्याच्या बारा रेघा आखल्या, घड्याळाच्या आकड्यांसारख्या. विमान प्रत्येक रेघेवर उभं करायचं, आतली सुई काय म्हणते ते लिहायचं आणि चूक किती ते काढायचं. शेपटी ढकलायला फकिरा. आत बसलेल्या खुशालला मागचं काही दिसणार नव्हतं, म्हणून त्यानं हवाई दलातली रीत लावून दिली. विमान थांबलं की मी आतून तुझ्या नावानं हाक मारीन. रेघ जुळली असली की तू ओ द्यायची. मी आकडा लिहून दार ठोकीन. दार वाजलं की पुढच्या रेघेवर ढकलायचं.

"आणि ओ पहिल्या हाकेलाच पायजे, बरं का," त्यानं बजावलं. "आमच्याकडं दुसरी हाक नसते."

फकिरानं डोकं खाजवलं आणि तो शेपटीकडे गेला.

काम झकास चाललं. विमान हळूच फिरायचं, थांबायचं. "फकिरा," अशी हाक गेली की मागून लगेच "ओ" यायची. थोडी लांबून यायची, सावकाश, पण कधी चुकली नाही. माणूस तयार करायला अक्कल लागते, असं म्हणत खुशालनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सुई मात्र वात्रटपणा करत होती. प्रत्येक रेघेवर ती आधी बरोबर दाखवायची, मग तीन-चार क्षण आग्नेयेकडे कलायची आणि परत जागेवर यायची. बारा रेघांवर बारा वेळा हेच झालं.

३

विमानातलं लोखंड विमानाबरोबर फिरतं. त्यामुळे चूक विमानातली असती तर प्रत्येक रेघेवर ती वेगळी आली असती. ही तर विमान कुठंही वळवा, आग्नेयेलाच बोट दाखवत होती. म्हणजे ओढणारी वस्तू बाहेर होती. पण बाहेर तिकाटण्यावरचं साधं होकायंत्र अगदी शांत होतं.

खुशालला राग यायला हवा होता, पण त्याला आनंद झाला. असा बिघाड त्यानं पंधरा वर्षांत पाहिला नव्हता. त्यानं अमृतरावांना विमान पट्टीच्या पूर्वेच्या टोकाला न्यायला लावलं, तिथं नव्या रेघा आखल्या आणि पुन्हा बारा आकडे घेतले. इथं सुई नैर्ऋत्येकडे कलत होती. दोन्ही दिशा कागदावर मांडल्या तर दोन रेषा पट्टीच्या दक्षिणेला, अर्ध्या मैलावरच्या नाल्यात एकमेकींना छेदत होत्या.

तो उन्हातून चालत नाल्यापर्यंत गेला. पुरलेला रूळ असेल, जुनी मोटार असेल, निजामाच्या काळातलं काही गाडलेलं असेल. नाला कोरडा होता. दोन पळसाची झाडं, वाळू आणि शेरड्यांच्या लेंड्या. होकायंत्र हातात धरून त्यानं सगळा काठ पालथा घातला, पण काटा हलला नाही. मान खाली घालून तो परत आला आणि जेवला.

जेवणानंतर त्यानं दोन्ही टोकांचं मोजमाप पुन्हा केलं. सकाळी हिशेबात गफलत झाली असेल असं त्याचं मत होतं. फकिराचा घसाही आता मोकळा झालेला दिसत होता, ओ जवळून आणि स्वच्छ येत होती. संध्याकाळी चार वाजता त्यानं कागदावर पट्टी ठेवून दोन रेषा ओढल्या. या वेळी त्या नाल्यात मिळाल्याच नाहीत. पट्टीच्या कडेला, गवतात मिळाल्या, विमानापासून शंभर पावलांवर.

लोखंड पायानं चालत येत नाही, असं त्यानं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं.

४

ऊन उतरताना तिघं खोलीपुढं चहा घेत बसले होते. अमृतराव गावात टपाल टाकायला गेले होते. खुशालनं फकिराची तारीफ केली. म्हणाला, हवाई दलात तुझ्यासारखे चार असते तर माझे केस पिकले नसते, दिवसभरात एकदाही ओ चुकली नाही.

फकिरानं कप खाली ठेवला. "साहेब, म्या तं एकबी ओ नाई देल्ली, अन् दुसऱ्या कोनाची आयकलीबी नाई."

खुशालला वाटलं, थट्टा करतोय. "काऊन? मी सांगतलं होतं ना?"

"तुमी एकच हाक मारून राह्यले होते. तिसऱ्या हाकेबिगर आमी ओ देत नाई. एका हाकेले कोन बलावते, काय सांगाव? म्या दुसरीची वाट पाहो, तं तुमी दार ठोका. मंग ढकलत गेलो."

तुळजाबाईनं मान डोलावली, जणू यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

खुशालला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच त्याला स्वतःची जास्त चीड आली. बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरातला देव्हारा पाण्यात सोडला, आणि देव्हाऱ्याबरोबर नवस, उतारे, भुतंखेतं सगळं सोडलं. "भूत रिकाम्या डोक्यात भाड्यानं राहतं," असं बाप म्हणायचा. आई मात्र शेतातून कोणी एकदा हाक मारली की ओठ मिटून उभी राहायची. बापाला दिसू नये म्हणून पदर तोंडाला लावायची. तिसरी हाक आली की मगच बोलायची.

सकाळपासून बारा-बारा रेघांचे चार फेरे झाले होते. अठ्ठेचाळीस हाका. खुशाल तिथंच बसून आठवत राहिला. एकाही हाकेला ओ आली नाही असं झालं नव्हतं. आणि सुई कधी कलायची, हेही आता त्याला आठवलं. ओ येताना.

५

रात्री गावातल्या लॉजवर त्यानं बाजू मांडल्या. प्रतिध्वनी? हाक "फकिरा" आणि प्रतिध्वनी "ओ", असं होत नाही. दुसरा माणूस? मोकळ्या मैदानात? फकिरा खोटं बोलतोय? तर मग सुई कोणासाठी खोटं बोलते? भीती होतीच, ती नाकारण्यात अर्थ नव्हता. पण त्या भीतीखाली कुतूहल होतं आणि ते भीतीपेक्षा चिवट होतं. सकाळ कधी होते असं त्याला झालं.

सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, त्यानं फकिराला विमानासमोर काचेतून दिसेल असं बसवलं आणि तोंडात पाण्याचा घोट धरायला लावला. तोंडात पाणी असलं की माणूस ओ देऊ शकत नाही. फकिरा गाल फुगवून बसला. तुळजाबाई तिच्या दारात उभी होती. अमृतराव लॉजवरून यायचे होते. खुशाल आत चढला, दार लावलं, बॅटरी चालू केली. सुई जागेवर येऊन थांबली.

"फकिरा," त्यानं एकदाच हाक मारली.

समोर फकिराचे गाल तसेच फुगलेले होते.

"ओ."

सुई आग्नेयेला गेली नाही, नैर्ऋत्येलाही नाही. थरथरत अर्धी फिरली आणि विमानाच्या शेपटीकडे तोंड करून थांबली. या वेळी ती परत आली नाही.

खुशालच्या पाठीमागं कॅमेऱ्याची जागा होती. तिथं तळाला ताटाएवढं गोल भोक होतं, त्यातून कॅमेरा खाली पाहतो. कॅमेरा उतरवून ठेवलेला असल्यानं भोक उघडं होतं आणि खालच्या चुन्यावरून परतलेला उजेड आत छतावर गोल पडला होता. काचेतल्या पुसट प्रतिबिंबात खुशालला तो उजेडाचा गोल दिसत होता. तो पाहता पाहता एका कडेनं विझत गेला. भोकावर कोणी सावकाश, अंग सावरून, मांडी घालून बसावं तसा.

खुशाल दार उघडून बाहेर पडला, म्हणजे खरं तर पडलाच. फकिरानं तोंडातलं पाणी थुंकलं आणि काही न विचारता तो बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

६

अकराला अमृतराव आले. रजिस्टर बगलेत, गॉगल कपाळावर. खुशालनं सांगितलं की सही करता येणार नाही. कारण विचारलं तर तो म्हणाला, बिघाड सापडला आहे पण दुरुस्त झालेला नाही.

अमृतरावांनी घड्याळ पाहिलं. फोटो राहू देत, ते म्हणाले. पण विमान इथं सडवत ठेवता येणार नाही. हवा स्वच्छ आहे, काचेवरचं साधं होकायंत्र आहे, मी थेट हैदराबादला नेतो आणि तिथं खोलून बघता येईल. त्यासाठी सही लागत नाही. रेडिओवर तर बोलत राहूच, त्यात काय.

त्यात काय, हे खुशालला दिसत होतं. आकाशात एकटा माणूस, मागं ती जागा, आणि हा रेडिओवर कोणाचं तरी नाव घेणार. एकदाच. उत्तर लगेच येणार, सावकाश, जवळून. आणि तो त्या उत्तरावर भरवसा ठेवून विमान वळवणार. त्या दिवशी जंगलावरही अमृतरावांनी रेडिओवर अशीच एक हाक मारली असणार; डोंगर कसा समोर आला, तेही आता त्याच्या ध्यानात आलं. भूत म्हणावं तर बापाचं हसू आठवायचं. न म्हणावं तर अमृतरावांची पोरं आठवायची, त्यांनी काल पाकिटातून दाखवलेल्या फोटोतली.

"दहा मिनिटं द्या," तो म्हणाला. "आत बसा, बॅटरी चालू करा आणि सुई काय म्हणते ते मोठ्यानं सांगत राहा. मला नाव घेऊन हाक मारू नका. फक्त आकडे."

अमृतराव कपाळाला आठ्या घालून आत बसले. खुशाल शेपटीजवळ जाऊन उभा राहिला. हाकेला जे येतं ते हाकेनं नेताही येईल, एवढाच त्याचा तर्क होता. एका मेकॅनिकचा साधा तर्क. पण हाक कोणाच्या नावानं मारायची? फकिराचं नाव त्यानं अठ्ठेचाळीस वेळा उधळलं होतं, आता पुरे. दुसऱ्या कोणाचं घ्यायला जीभ उचलेना.

"खुशाल," त्यानं हाक मारली.

"ओ," विमानाच्या पोटातल्या भोकातून आवाज आला.

तो वीस पावलं मागं सरला. "खुशाल." ओ आली, आता विमानाच्या बाहेरून. तो दक्षिणेकडे वळला आणि गवतातून चालू लागला. दर वीस पावलांवर एक हाक, दर हाकेला एक ओ, आणि दर वेळी ओ त्याच्या पाठीच्या जरा जवळ. वळून पाहायचं नाही असं त्यानं ठरवलं नव्हतं, पण मान वळत नव्हती. मागून अमृतरावांचे आकडे येत होते. एकशे ऐंशी. एकशे चाळीस. शंभर. मग ते थोडे थांबले आणि आनंदानं ओरडले, "नव्वद! बरोबर नव्वद! आली रे जागेवर!"

नव्वद म्हणजे पूर्व, आणि विमानाचं तोंड पूर्वेलाच होतं. सुई सुधारली होती.

खुशाल थांबला. ऊन डोक्यावर होतं, त्यामुळे सावली पायाशी गोळा झाली होती. एकाच माणसाला पुरेल त्याहून ती जराशी मोठी होती.

अमृतराव रजिस्टर घेऊन गवतातून त्याच्याकडे यायला निघाले, लांबूनच हसत, काय केलंस काय केलंस असं विचारत. तीसेक पावलांवर ते थांबले. हसू तसंच राहिलं, पण त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. ते खुशालकडे पाहत नव्हते. त्याच्या खांद्यावरून मागं, थोडं वर पाहत होते. मग त्यांनी खाली वाकून रजिस्टर गवतात ठेवलं, वर पेन ठेवलं आणि पाठ न फिरवता, पाय चाचपत, विमानापर्यंत मागं मागं गेले. सहीसाठी निघालेला तो माणूस सहीवाचून उडून गेला.

७

विमान दिसेनासं झाल्यावर खुशालनं रजिस्टर उचललं. त्यानं पेनचं टोपण काढलं. दोन रकाने भरायचे असतात, बिघाड काय आणि दुरुस्ती काय. पहिल्यात त्यानं लिहिलं, सुई बाहेरच्या कारणानं भटकत होती. दुसऱ्यात काय लिहावं यावर तो विचार करत उभा राहिला. खोटं त्याला आयुष्यात लिहिता आलं नव्हतं. शेवटी त्यानं लिहिलं, "बिघाड विमानातून काढला आहे," आणि खाली सही केली. सगळं खरं होतं. अमृतराव जिवंत घरी जाणार होते, याचं त्याला मनापासून समाधान वाटलं, आणि ते समाधान संपल्यावर आपण घरी कसे जाणार हा प्रश्न आला.

पट्टीच्या टोकाला, खोलीपुढं फकिरा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्यालाही लांबून काही ठीक वाटत नसावं. तो पुढं आला नाही. त्यानं आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं, बापजाद्यांच्या रीतीनं: पहिल्याच हाकेला ओ देईल तो माणूस नव्हे, तिसरीला देईल तो माणूस.

"खुशालसाहेब," त्यानं हाक मारली.

खुशालनं ओठ गच्च मिटले. त्याच्या शेजारीही कोणी बोललं नाही.

"खुशालसाहेब."

गवतात टोळ उडत होते. येऊ नको, असं खुशालला हातानं सांगायचं होतं, आणि हात वर होत नव्हता.

"खुशालसाहेब."

तिसऱ्या हाकेला खुशालनं तोंड उघडलं. त्याच्या आधीच ओ गेली होती, त्याच्याच आवाजात, त्याच्याच खांद्यापासून.

फकिराचा चेहरा मोकळा झाला. तांब्या सांभाळत तो गवतातून त्यांच्याकडे चालू लागला.